आधी अख्खे यंत्र, मग चाक

संगणकाचा जनक म्हणून चार्ल्स बॅबेज यांचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. पण कॅडवर नवे यंत्र रचायला बसलेल्या अभियंत्याला आज जो पहिला निर्णय घ्यावा लागतो, त्याच्याशीही त्यांचे आयुष्य जोडलेले आहे. सुटे भाग काढून ते जुळवत जायचे, की आधी अख्ख्या यंत्राचा सांगाडा ठरवून प्रत्येक भागाचे माप त्यातून घ्यायचे? या दुसऱ्या रीतीला टॉप-डाउन पद्धत म्हणतात.

बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये झाला. १८२१ मध्ये मित्र जॉन हर्शेल यांच्याबरोबर खगोलशास्त्राची कोष्टके तपासताना त्यातल्या चुकांनी ते वैतागले. कोष्टके तेव्हा माणसे हाताने तयार करत आणि जहाजांचे मार्ग त्यांच्या भरवशावर आखले जात. फक्त बेरजा करून कोष्टके तयार करणारे ‘डिफरन्स इंजिन’ त्यांनी योजले. १८२३ मध्ये सरकारी पैसा मिळाला, जोसेफ क्लेमंट या निष्णात कारागिराकडे काम गेले. यंत्राला सुमारे २५,००० भाग लागणार होते. १८३२ मध्ये त्यातल्या सुमारे २,००० भागांचा एक तुकडा जोडला गेला आणि तो उत्तम चालला. पुढच्याच वर्षी क्लेमंटशी बिनसले आणि काम थांबले. तयार झालेले हजारो भाग पुढे भंगारात वितळले. सरकारचे सुमारे १७,००० पौंड खर्च झाले होते.

या अपयशाचे खापर केवळ रचनेवर फोडणे बरोबर नाही. पैशांचे वाद होते आणि बॅबेज स्वभावाने तापट होते. रस्त्यावरच्या वादकांशीही त्यांनी वैर धरले होते. पण यंत्राची खरी अडचण त्यांना लवकर कळली होती. नकाशात भागाचा आकार दिसतो; तो केव्हा हलतो आणि कोणाला हलवतो, हे दिसत नाही. म्हणून १८२६ मध्ये त्यांनी यंत्रांच्या हालचाली लिहिण्यासाठी स्वतंत्र चिन्हलिपी मांडली.

ती का लागली, हे ‘हातच्या’वरून कळते. ९९९ मध्ये १ मिळवला की हातचा एका चाकावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर जातो. ३१ अंकी संख्येत तो ओळीने ३१ चाकांपर्यंत जाऊ शकतो, आणि हे सगळे एका आवर्तनातल्या ठरलेल्या वेळात उरकावे लागते. हातचा देणारा छोटासा हात किती अंशांनी मागे ठेवायचा, हे त्या हाताकडे पाहून ठरत नाही. ते पूर्ण यंत्राच्या चक्रावरून ठरते.

कॅडमध्ये टॉप-डाउन पद्धत निवडायची ती अशाच ठिकाणी. अक्ष, अंतरे, मोकळी जागा एका सांगाड्यात ठेवतात. दोन दांड्यांमधले अंतर बदलले की त्याला बांधलेले गिअर आणि पेटी आपोआप बदलतात. बाजारात तयार मिळणारे बेअरिंग किंवा बोल्ट मात्र वेगळेच काढून बसवावेत. उगाच सगळे एकमेकांना बांधले तर एक माप हलवताच दहा भाग मोडतात. बॅबेज यांच्या कागदाला ही सोय नव्हती. बदल झाला की नकाशा पुन्हा काढायचा.

१८३४ पासून त्यांनी ‘अॅनालिटिकल इंजिन’ योजले. त्यात आधी कामाची वाटणी ठरली: संख्या साठवणारे ‘स्टोअर’ आणि गणित करणारी ‘मिल’. हे शब्द कापडगिरण्यांमधले. तिथे मिळालेल्या युक्त्या घेऊन १८४७ ते १८४९ या काळात त्यांनी दुसरे डिफरन्स इंजिन कागदावर उतरवले. आठ खांब, प्रत्येकावर ३१ चाके, मागे जिन्यासारखे वर चढत गेलेले हातच्याचे हात. छपाईयंत्रासह भाग जेमतेम ८,०००, म्हणजे पहिल्याच्या सुमारे एक तृतीयांश. सरकारने त्यात रस घेतला नाही. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज वारले, तेव्हा या यंत्राचे फक्त नकाशे होते.

लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने ते नकाशे हाती घेतले. बॅबेज यांच्या काळात साधेल तेवढीच अचूकता ठेवून भाग बनवले. नकाशांत काही चुका सापडल्या, त्या दुरुस्त केल्या. मूळ रचना तशीच राहिली. १९९१ मध्ये यंत्राने अचूक गणित केले. २००२ मध्ये छपाईयंत्रही जोडले गेले. हँडल फिरवले की ते आकडे कागदावर छापते आणि छपाईचे साचे काढण्यासाठी प्लास्टरवरही उमटवते.