शेतशिवारात देव पाहणाऱ्या बहिणाबाई

जळगावजवळील असोदे येथे महाजनांच्या घरी १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेताची भाषा मात्र पुरती अवगत होती. तेराव्या वर्षी विवाह होऊन त्या जळगावी आल्या. तिसाव्या वर्षी वैधव्य आले. शेतीचा व संसाराचा भार वाहतानाच त्यांना गाणी सुचत गेली. देव त्यांनी देव्हाऱ्यापुरता मानला नाही. मातीतून उगवलेल्या कोंबाची पहिली दोन पाने त्यांना जोडलेल्या हातांसारखी दिसली. सुगरणीच्या खोप्याचे तर केवढे अप्रूप! पुत्र सोपानदेव व आप्तांनी टिपून ठेवली तेवढीच गाणी वाचली. बाकीची ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांच्यासोबतच गेली. उरलेली, आचार्य अत्रे यांच्या आग्रहामुळे, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.