तीन बोटांचा ब्राउन

बेसबॉल हा अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय खेळ. क्रिकेटप्रमाणे याही खेळात एक जण चेंडू टाकतो व दुसरा तो दांडूने टोलवतो. चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. त्याचे सारे कौशल्य हाताच्या बोटांत असते. असे असूनही, ज्याच्या उजव्या हाताची बोटे अधू होती, असा एक मुलगा पुढे थोर पिचर झाला. त्याचे नाव मॉर्डेकाय ब्राउन.

इंडियाना राज्यातील नाइझव्हिल या खेड्यात १८७६ साली त्याचा जन्म झाला. लहानपणी एके दिवशी शेतावर त्याचा उजवा हात वैरण कापण्याच्या यंत्रात सापडला. तर्जनी बहुतेक सारी तुटून गेली. ही जखम भरून येते न येते तोच तो पडला आणि त्याच हाताची आणखी बोटे मोडली. ती वाकडीच जुळून आली. करंगळीही निकामी झाली.

तरुणपणी ब्राउन कोळशाच्या खाणीत काम करू लागला. फावल्या वेळी तो खाणकामगारांच्या संघातून खेळे. आपल्या वाकड्या बोटांतून चेंडू निराळ्याच तऱ्हेने सुटतो, हे त्याच्या ध्यानात आले. परंतु नुसता वळणारा चेंडू काय कामाचा? तो हवा तेथे पडला पाहिजे. म्हणून ब्राउनने अखंड सराव केला. तर्जनीच्या खुंटावरून निसटणारा त्याचा चेंडू गिरक्या घेत येई आणि फलंदाजाजवळ पोचताच एकाएकी खाली वळे. भलेभले फलंदाज त्यापुढे हतबल होत.

१९०४ साली तो शिकागो कब्स या नामांकित संघात दाखल झाला. ८ ऑक्टोबर १९०८ रोजी न्यूयॉर्क येथे निर्णायक सामना होता. जो जिंकेल तो साखळीचा विजेता! प्रेक्षक शिकागोच्या विरुद्ध ओरडत होते. पहिल्याच डावात शिकागोचा पिचर अडचणीत आला. तेव्हा ब्राउन पुढे सरसावला. त्याने शांतपणे अखेरपर्यंत चेंडू टाकले व शिकागोने ४-२ असा विजय मिळवला. त्याच वर्षी त्याच्या संघाने जागतिक मालिकाही जिंकली.

ब्राउनने सर्वोच्च पातळीवरील व्यावसायिक स्पर्धांत एकूण २३९ विजय मिळवले. १९४८ साली तो निवर्तला. दुसऱ्याच वर्षी बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव समाविष्ट झाले. यंत्राने त्याची बोटे हिरावून घेतली. परंतु जो हात उरला, त्यालाच त्याने परिश्रमाने तरबेज केले.