माऊसचे जनक आणि वरचं न दिसणारं पॅनेल

मागच्या आठवड्यात दोन दिवस मी एका बटणाशी भांडत होतो. बटण स्क्रीनवर स्वच्छ दिसायचं, पण क्लिक केलं की ढिम्म. शेवटी कळलं, त्याच्यावर मीच एक पूर्ण पारदर्शक पॅनेल ठेवलं होतं आणि सगळे क्लिक तेच गिळत होतं. वैतागून माऊस बाजूला ढकलला आणि ज्यांनी तो आणला त्या डग्लस एंगलबार्ट यांच्याबद्दल वाचत बसलो.

जन्म ३० जानेवारी १९२५, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात. वडील लहानपणीच गेले. महायुद्धाच्या काळात नौदलाने रडार तंत्रज्ञ म्हणून त्यांना फिलिपिन्सला पाठवलं. तिथे रेड क्रॉसच्या एका झोपडीवजा वाचनालयात व्हॅनेवार बुश यांचा लेख हाती लागला. माहितीच्या ढिगाऱ्यातून माणसाने वाट कशी काढायची, हा त्यातला प्रश्न डोक्यात घर करून राहिला. रडारचा पडदा तर ओळखीचा होताच. पुढे त्यांना वाटलं, संगणकालाही असा पडदा का नसावा? त्या काळी संगणक म्हणजे पंच कार्डांचे गठ्ठे, हे लक्षात घ्या!

१९५७ मध्ये ते स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आले. १९६४ मध्ये त्यांच्या कल्पनेवरून सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस बनवला. लाकडी ठोकळा, खाली काटकोनात दोन चाकं. एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत दीड तासाच्या प्रात्यक्षिकात त्यांनी माऊस, दुव्यांनी जोडलेला मजकूर आणि दुसऱ्या गावच्या सहकाऱ्याबरोबर पडद्यावर एकत्र काम करणं, हे सगळं दाखवलं.

एकमेकांवर चढणाऱ्या विंडो मात्र नंतर आल्या, झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत, १९७० च्या दशकात. माझी अडचण इथलीच. माऊस फक्त किती सरकलो आणि बटण दाबलं का, एवढंच सांगतो. कर्सर कुठे आहे याचा हिशोब सिस्टीम ठेवते आणि त्या जागी सर्वांत वर कोणती विंडो आहे ते बघते. मग त्या विंडोच्या आत शिरून नेमका कोणता भाग आहे ते शोधते. त्या भागाने क्लिक नाकारला तर बहुतेक सिस्टीममध्ये तो त्याच्या पालक विंडोकडे जातो. मागे झाकलेल्या भावंडाकडे आपोआप जात नाही. माझं पॅनेल आणि बटण ही भावंडंच होती! पॅनेलला रंग नव्हता, पण चौकट होती, आणि सिस्टीम चौकट मोजते. माऊसचे इव्हेंट घेऊ नकोस, असं पॅनेलला सांगणारी एक ओळ टाकली आणि बटण चालायला लागलं.

एंगलबार्ट यांचं मात्र इतकं सोपं झालं नाही. १७ नोव्हेंबर १९७० ला पेटंट मिळालं, पण हक्क संस्थेचे. रॉयल्टी त्यांना कधीच मिळाली नाही. बिल इंग्लिश यांच्यासह बरेच सहकारी पार्कला गेले, अनुदान आटलं, प्रयोगशाळा दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. त्यांच्या लेखी माऊस हे किरकोळ साधन होतं. माणसांनी मिळून अवघड प्रश्न सोडवावेत, हे खरं काम. त्याला नंतर बरीच वर्षं कोणी विचारलं नाही, आणि मला हे पैशांपेक्षा जास्त लागलं. १९९७ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. २ जुलै २०१३ ला कॅलिफोर्नियात ते गेले.