भाई काहन सिंग नाभा

भाई काहन सिंग नाभा (३० ऑगस्ट, १८६१ – नोव्हेंबर, १९३८) हे पंजाबमधील शीख धर्मशास्त्राचे अभ्यासक, कोशकार आणि सिंग सभा चळवळीतील प्रमुख लेखक होते. 'हम हिंदू नहीं' (१८९८) ही वादग्रस्त ठरलेली पुस्तिका आणि 'गुरुशबद रत्नाकर महान कोश' (१९३०) हा शीख वाङ्मयाचा ज्ञानकोश यांसाठी ते विशेष ओळखले जातात. त्यांनी कोणत्याही शाळेत किंवा महाविद्यालयात औपचारिक शिक्षण घेतले नव्हते.

जन्म आणि शिक्षण

काहन सिंग यांचा जन्म तत्कालीन पटियाला संस्थानातील सबज बनेरा या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव नारायण सिंग आणि आईचे नाव हर कौर होते. नारायण सिंग हे नाभा येथील बाबा अजपाल सिंग यांच्या गुरुद्वाऱ्याची व्यवस्था पाहत असत. त्यामुळे काहन सिंग यांचे बालपण ग्रंथपठण, कीर्तन आणि साधुसंतांचा सहवास अशा वातावरणात गेले. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत ते गुरू ग्रंथ साहिब आणि दशम ग्रंथ यांचे अस्खलित पठण करू लागले होते.

संस्कृतचे अध्ययन त्यांनी नाभा व आसपासच्या पंडितांकडे केले. फारसीचा अभ्यासही त्यांनी केला आणि संगीताचेही शिक्षण घेतले. १८८३ साली ते लाहोरला गेले. तेथे सिंग सभा चळवळीचे एक अग्रणी प्राध्यापक गुरमुख सिंग यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आला. शीख समाजातील कर्मकांड दूर करून गुरूंची मूळ शिकवण पुढे आणावी, हा या चळवळीचा उद्देश होता. काहन सिंग यांच्या पुढील सर्व लेखनाला येथेच दिशा मिळाली.

नाभा संस्थानातील सेवा

नाभ्याचे महाराजा हिरा सिंग यांनी १८८७ साली काहन सिंग यांची युवराज रिपुदमन सिंग यांचे शिक्षक म्हणून नेमणूक केली. पुढे त्यांनी महाराजांचे खाजगी चिटणीस, न्यायाधीश अशा पदांवर काम केले. काही काळ ते पटियाला संस्थानाच्या सेवेतही होते.

शिक्षक म्हणून त्यांचा प्रभाव नाभ्यापुरता राहिला नाही. शीख विवाहपद्धतीला कायदेशीर मान्यता देणारे आनंद विवाह विधेयक १९०८ साली केंद्रीय विधिमंडळात मांडले, ते रिपुदमन सिंग यांनी. सुंदर सिंग मजिठिया यांनी ते पुढे नेले आणि १९०९ साली त्याचे कायद्यात रूपांतर झाले. गुरू ग्रंथ साहिबला प्रदक्षिणा घालून होणाऱ्या विवाहाला त्यामुळे कायद्याचा आधार मिळाला.

मेकॉलिफ यांना साहाय्य

१८८५ साली रावळपिंडी येथे काहन सिंग यांची मॅक्स आर्थर मेकॉलिफ या इंग्रज प्रशासनातील अधिकाऱ्याशी भेट झाली. मेकॉलिफ शीख धर्मग्रंथांच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रयत्नात होते. गुरुवाणीत अनेक भाषांचे व बोलींचे मिश्रण असल्याने तिचा अर्थ लावणे परकीयाला एकट्याने शक्य नव्हते. मेकॉलिफ यांच्या विनंतीवरून नाभा दरबाराने काहन सिंग यांना या कामासाठी मोकळीक दिली. ग्रंथाच्या छपाईच्या काळात ते मेकॉलिफ यांच्यासोबत इंग्लंडलाही गेले. मेकॉलिफ यांचा सहा खंडांतील ग्रंथ १९०९ साली ऑक्सफर्ड येथून प्रकाशित झाला. या साहाय्याची जाणीव ठेवून मेकॉलिफ यांनी ग्रंथाचे हक्क काहन सिंग यांच्या नावे केले.

'हम हिंदू नहीं'

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शीख हा हिंदू धर्माचाच एक पंथ आहे की स्वतंत्र धर्म, हा वाद पंजाबात तीव्र झाला होता. आर्य समाजाचा प्रचार, जनगणनेतील वर्गवारी, वारसाहक्क आणि विवाहाचे कायदे यांमुळे या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्वही आले होते. अशा वेळी काहन सिंग यांनी 'हम हिंदू नहीं' लिहिले. पुस्तिकेची रचना एक हिंदू आणि एक शीख यांच्यातील संवादाची आहे. वेद, जातिव्यवस्था, अवतार, मूर्तिपूजा, श्राद्ध, जानवे अशा एकेका विषयावर हिंदू प्रश्न करतो आणि शीख गुरुवाणीच्या आधारे उत्तर देतो. शीख ही स्वतंत्र कौम आहे, असे प्रतिपादन करतानाच इतर देशबांधवांशी स्नेहाने वागावे, असेही लेखकाने बजावले आहे.

पुस्तिकेवर हिंदू लेखकांकडून तर टीका झालीच, पण शिखांमधील सनातनी गटालाही ती मान्य झाली नाही. पुढील काळात मात्र तिची भूमिका शीख समाजाच्या मुख्य प्रवाहाने स्वीकारली. इतिहासकार हरजोत ओबेरॉय यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, पंजाबातील धार्मिक सीमारेषा पूर्वी लवचिक होत्या आणि त्या सिंग सभेच्या काळात ठळक झाल्या. अनेक शीख अभ्यासकांनी हे मत अमान्य केले असून, काहन सिंग यांनी गुरूंच्याच शिकवणुकीची आठवण करून दिली असे ते मानतात. हा वाद अद्याप चालू आहे.

महान कोश

काहन सिंग यांनी १९१२ साली महान कोशाचे काम हाती घेतले. पंडित तारा सिंग नरोत्तम आणि भाई हजारा सिंग यांचे गुरुवाणीचे कोश त्यापूर्वी झाले होते. परंतु ते मुख्यतः शब्दार्थापुरते मर्यादित होते. काहन सिंग यांना शीख वाङ्मयातील सर्व शब्द, व्यक्ती, स्थळे आणि संकल्पना सामावणारा ज्ञानकोश हवा होता. हे काम त्यांनी जवळजवळ एकट्याने चौदा वर्षे केले.

या काळात कोशाचा आश्रय दोनदा तुटला. आरंभी साहाय्य देणारे फरीदकोटचे महाराजा ब्रिजेंद्र सिंग १९१८ साली निधन पावले. त्यानंतर काहन सिंग यांचे शिष्य रिपुदमन सिंग, जे १९११ साली नाभ्याच्या गादीवर आले होते, यांना पटियाला संस्थानाशी झालेला संघर्ष आणि ब्रिटिश सरकारची नाराजी यांमुळे १९२३ साली गादी सोडावी लागली. अखेर कोशाच्या छपाईचा खर्च उचलला तो पटियालाचे महाराजा भूपिंदर सिंग यांनी, म्हणजे ज्यांच्याशी झालेल्या तंट्यातून रिपुदमन सिंग यांचे राज्य गेले त्यांनीच. १९२६ साली हस्तलिखित पूर्ण झाले आणि १९३० साली अमृतसर येथील सुदर्शन छापखान्यातून कोशाचे चार खंड प्रसिद्ध झाले.

कोशात चौसष्ट हजारांहून अधिक नोंदी गुरुमुखी वर्णानुक्रमाने दिल्या आहेत. शब्दाचे मूळ, त्याच्या अर्थच्छटा आणि ग्रंथांतील वापर असा सामान्यतः नोंदींचा क्रम आहे. संस्कृत, फारसी व अरबी व्युत्पत्तींबरोबरच राग, छंद, वनस्पती, रोग, गुरुद्वारे आणि ऐतिहासिक व्यक्ती यांची माहितीही त्यात आहे. गुरू ग्रंथ साहिबात ज्यांची पदे समाविष्ट आहेत त्या संत नामदेवांवर, तसेच नांदेडच्या अबिचलनगरवरही त्यात नोंदी आहेत. शीख धर्माचे वेगळेपण ठासून सांगणाऱ्या लेखकाने त्या धर्माची भाषा समजावताना संस्कृत आणि फारसी या दोन्ही परंपरांचा मुक्तपणे आधार घेतला, हे या कोशाचे एक वैशिष्ट्य आहे.

अन्य लेखन

'गुरुमत प्रभाकर' (१८९८) आणि 'गुरुमत सुधाकर' (१८९९) या ग्रंथांत त्यांनी शीख तत्त्वांचे विषयवार संकलन केले. छंद, अलंकार आणि दारूबंदी या विषयांवरही त्यांनी लिहिले. 'गुरुमत मार्तंड' हा त्यांचा ग्रंथ १९६२ साली, मरणोत्तर, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने प्रकाशित केला.

निधन आणि वारसा

काहन सिंग यांचे नाभा येथे निधन झाले. पंजाब सरकारच्या भाषा विभागाने १९६० साली महान कोश एका खंडात पुन्हा छापला आणि त्यानंतरही त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. पटियाला येथील पंजाबी विद्यापीठाने त्याच्या भाषांतराचे काम हाती घेतले. नव्या संशोधनामुळे कोशातील काही तारखा व व्युत्पत्ती आज दुरुस्त कराव्या लागतात. तरीही गुरुवाणीतील एखाद्या कठीण शब्दाचा अर्थ शोधताना अभ्यासक आजही प्रथम महान कोशच उघडतात.