गाणाऱ्या लेकाची आई

भगिनींनो, मंडळ म्हटले की शिवणवर्ग नि हळदीकुंकू एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात अबेओकुटा गावी फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांनी काढलेले मंडळही आरंभी तसलेच होते. त्यांचा लेक फेला गायक म्हणून जगभर गाजला. आईचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही.

बाईंचा जन्म १९०० सालचा. शिक्षण थोडे विलायतेत झालेले, यजमान मुख्याध्यापक. राज्य इंग्रजांचे. शिकलेल्या चारचौघींच्या या मंडळात पुढे बाजारात बसणाऱ्या बायका अक्षरे गिरवायला येऊ लागल्या आणि त्यांची गाऱ्हाणी बाईंच्या कानी पडली. बायकांवर वेगळा कर होता. शिपाई त्यांचा तांदूळ उचलून नेत. बाईंनी विलायती झगे टाकले, त्या बायकांसारखा पोशाख केला आणि सभेत योरुबा भाषेतच बोलू लागल्या.

मिरवणुकीला परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी मिरवणुकीचेच नाव वनभोजन ठेवले! १९४७ साली हजारो बायका तिथल्या राजाच्या वाड्यापुढे दिवसरात्र ठाण मांडून बसल्या आणि त्याची फजिती करणारी गाणी गात राहिल्या. अश्रुधुराला कसे तोंड द्यायचे तेही बाईंनी शिकवून ठेवले होते. कर मागे घ्यावा लागला. जानेवारी १९४९ मध्ये राजा गाव सोडून गेला. पुढे तो परतला, ती गोष्ट निराळी.

१९६० साली देश स्वतंत्र झाला, पण सहा वर्षांत सत्ता लष्कराकडे गेली. आईने वाड्यापुढे केले तेच फेला सॅक्सोफोन घेऊन करू लागला, असे मला वाटते. ‘झाँबी’ या गाण्यात त्याने हुकमावाचून न हलणाऱ्या शिपायांची टर उडवली. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे हजार सैनिक लागोसमधल्या त्याच्या घरावर चालून आले. माणसांना मारले, घर जाळले आणि शहात्तर वर्षांच्या आईला खिडकीतून खाली फेकले. सरकारी चौकशीने दोष कुणा अनोळखी सैनिकाच्या माथी मारला.

त्या दुखण्यातून बाई सावरल्या नाहीत. १३ एप्रिल १९७८ रोजी गेल्या. पुढच्या वर्षी फेलाने एक शवपेटी नेऊन लष्करी राज्यकर्त्यांच्या दारात ठेवली आणि त्यावरही गाणे केले.