डॉ. दौलतसिंह कोठारी : संरक्षण मंत्रालयाचे पहिले वैज्ञानिक सल्लागार

१. प्रस्तावना



दिवसभराचे काम आटोपून, रात्रीच्या निवांत वेळी तुम्ही ही पुस्तिका उघडली असेल. महाविद्यालयाच्या वर्गात न बसताही पदवीचा अभ्यास करता यावा, हा विचार स्वतंत्र भारतात ज्यांनी धोरणाच्या पातळीवर मांडला, त्यांत डॉ. दौलतसिंह कोठारी यांचे नाव अग्रभागी आहे. शिक्षण आयोगाचे अध्यक्ष म्हणून ते तुमच्या परिचयाचे असेल. मात्र त्याआधी १३ वर्षे हेच कोठारी संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. शस्त्रास्त्रांच्या संशोधनाची धुरा वाहणारा मनुष्य शिक्षणाच्या क्षेत्रात कसा आला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. हा पाठ वाचून झाल्यावर कदाचित तुम्हाला असे वाटेल की, ही दोन्ही कामे त्यांच्या दृष्टीने एकाच कामाच्या दोन बाजू होत्या.

२. जडणघडण

कोठारींचा जन्म ६ जुलै १९०६ रोजी राजस्थानातील उदयपूर येथे एका जैन कुटुंबात झाला. वडील शिक्षक होते. त्यांचे छत्र लवकर हरपले. उदयपूर व इंदूर येथील शिक्षणानंतर ते अलाहाबाद विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना मेघनाद साहांसारखे गुरू लाभले. १९२८ मध्ये त्यांनी एम. एस्सी. पदवी मिळवली आणि पुढे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत संशोधन केले. त्या वेळी रदरफोर्ड या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. भारतात परतल्यावर १९३४ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवू लागले.

त्यांच्या संशोधनाचा विषय सैन्यापासून फार दूरचा होता. प्रचंड दाबाखाली अणूंची रचना मोडते व इलेक्ट्रॉन सुटे होतात. या कल्पनेच्या आधारे त्यांनी श्वेत बटू तारे आणि ग्रह यांच्या आकारमानाचा विचार केला. थंड वस्तूत द्रव्याची भर पडत गेली, तर तिचा आकार एका मर्यादेपर्यंतच वाढतो. त्यापुढे ती उलट आकसू लागते, असा निष्कर्ष यातून निघतो. ताऱ्यांच्या अंतरंगाचा असा विचार करणाऱ्या या प्राध्यापकाला १९४८ मध्ये सरकारने तोफगोळ्यांच्या जगात बोलावले.

३. सल्लागारपदाची १३ वर्षे

स्वातंत्र्याच्या वेळी भारताकडे दारूगोळ्याचे कारखाने होते, परंतु शस्त्राची रचना करण्यासाठी लागणारे ज्ञान बव्हंशी ब्रिटनमध्ये होते. येथील तांत्रिक आस्थापना प्रामुख्याने तपासणीचे काम करीत. पंतप्रधान पंडित नेहरूंनी या प्रश्नावर ब्रिटिश शास्त्रज्ञ पी. एम. एस. ब्लॅकेट यांचा सल्ला घेतला. आपली औद्योगिक ऐपत ओळखून पावले टाकावीत आणि महागड्या शस्त्रांच्या मागे धावू नये, असे ब्लॅकेट यांचे सांगणे होते. १९४८ मध्ये संरक्षण विज्ञान संघटना स्थापन झाली व कोठारी मंत्रालयाचे पहिले वैज्ञानिक सल्लागार झाले.

या पदाचे स्वरूप नीट समजून घ्या. सल्लागार हा सेनापती नव्हे आणि मंत्रीही नव्हे. सैन्याला हुकूम देण्याचा अधिकार त्याला नसतो. सेनाधिकाऱ्याची अडचण ऐकून तिचे शास्त्रीय प्रश्नात रूपांतर करणे, तो प्रश्न सोडवू शकेल अशी माणसे शोधणे आणि मिळालेले उत्तर राज्यकर्त्यांना समजेल अशा भाषेत मांडणे, हे त्याचे काम. या तिन्ही ठिकाणी त्याच्याजवळ विश्वासाखेरीज दुसरे भांडवल नसते. कोठारींनी हे पद सांभाळताना दिल्ली विद्यापीठाशी असलेले नाते तोडले नाही. १९६१ पर्यंत ते तेथील पदार्थविज्ञान विभागाशी निगडित राहिले.

संघटनेचा आरंभ साधाच होता. तिची प्रयोगशाळा प्रथम राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या इमारतीत भरत असे. पुढे कामाचा पसारा वाढत गेला. मुंबईच्या नौदल गोदीतील प्रयोगशाळा, कोचीची नौदल भौतिकी प्रयोगशाळा, दिल्लीतील अग्निसंशोधन केंद्र, म्हैसूरची अन्नसंशोधन प्रयोगशाळा यांची पायाभरणी कोठारींच्या काळातली. शस्त्र कितीही उत्तम असले तरी ते चालवणारा सैनिक उपाशी, आजारी किंवा चुकीच्या जागी नेमलेला असेल, तर त्याचा उपयोग होत नाही. म्हणूनच आहार, शरीरक्रिया आणि अधिकारी निवडीचे मानसशास्त्र हे विषयही संरक्षणविज्ञानाच्या कक्षेत आले.

महाराष्ट्राशी या कार्याचा जवळचा संबंध आहे. १९५२ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे शस्त्रास्त्रविद्येचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. सेनाधिकाऱ्यांना आपल्या हातातील शस्त्रामागील विज्ञान कळावे, हा तिचा हेतू. १९५८ मध्ये सैन्याच्या तांत्रिक आस्थापना आणि संरक्षण विज्ञान संघटना यांच्या एकत्रीकरणातून संरक्षण संशोधन व विकास संघटना, म्हणजेच आजची डीआरडीओ, अस्तित्वात आली. त्याच वर्षी पुण्यात शस्त्रास्त्र संशोधनाची स्वतंत्र आस्थापनाही उभी राहिली.

४. विनाशाचे मोजमाप

मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरात हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि नौकेवरील २३ खलाशी आजारी पडले. अशा स्फोटांचे नेमके परिणाम काय होतात, हे जगाला कळण्याची निकड होती. नेहरूंनी हे काम कोठारींवर सोपवले. अण्वस्त्रधारी राष्ट्रांची बरीचशी माहिती गुप्त होती. त्यामुळे उघडपणे प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय साहित्यातून हा अभ्यास सिद्ध करावा लागला. १९५६ मध्ये भारत सरकारने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याला नेहरूंची प्रस्तावना होती.

या घटनेचे वेगळेपण ध्यानात घ्या. शस्त्रसंशोधनाचे प्रमुख असलेल्या अधिकाऱ्याने सर्वांत भयंकर शस्त्राच्या संहारकतेचा हिशेब सामान्य नागरिकांपुढे उघड मांडला. या ग्रंथात त्यांनी आकडे आणि कार्यकारण यांवर भर दिला. अहिंसेवर श्रद्धा असलेल्या या जैन पदार्थवैज्ञानिकाच्या मनात या पदाविषयी द्वंद्व असणे स्वाभाविक आहे. उत्तरायुष्यात त्यांनी नील्स बोर यांचे पूरकतेचे तत्त्व आणि जैनांचा स्याद्वाद यांची सांगड घालणारे लेखन केले. परस्परविरोधी भासणाऱ्या दोन बाजू एकाच सत्याच्या असू शकतात, हा त्यांच्या चिंतनाचा गाभा होता.

५. शिक्षणाची वाट

१९६१ मध्ये कोठारींनी सल्लागारपद सोडले आणि ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९७३ पर्यंत त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. पत्राद्वारे उच्च शिक्षण देण्याच्या योजनेचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीचे ते अध्यक्ष होते. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठात असे अभ्यासक्रम सुरू झाले. १९६४ ते १९६६ या काळात त्यांनी शिक्षण आयोगाचे नेतृत्व केले. कोल्हापूर परिसरातून पुढे आलेले थोर शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, तसेच १९८६ पर्यंत उच्च शिक्षणातील सुमारे एकतृतीयांश विद्यार्थ्यांची सोय पत्रद्वारा व सायंकालीन शिक्षणातून व्हावी, असे आयोगाने सुचवले.

पुढे केंद्रीय सेवांच्या परीक्षापद्धतीचा विचार करणारी समितीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली काम करीत होती. तिच्या अहवालानंतर, १९७९ पासून, उमेदवारांना भारतीय भाषांतून उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली. आज एखादा उमेदवार ही परीक्षा मराठीतून देतो, त्यामागे हा अहवाल आहे.

६. समारोप

कोठारींच्या संरक्षणकार्याचे मूल्यमापन करताना एक गोष्ट मान्य करावी लागते. त्यांच्या कारकिर्दीत देशाने विमाने, रणगाडे यांसारखी मोठी शस्त्रे मुख्यतः परदेशांतूनच घेतली. १९६२ च्या युद्धात सैन्याच्या तयारीतील उणिवा उघड झाल्या. केवळ तयार शस्त्रांच्या मोजणीने पाहिले, तर त्या १३ वर्षांची जमेची बाजू लहान दिसते. मात्र प्रयोगशाळा उभारता येते, ती चालवणारी माणसे घडवावी लागतात आणि त्याला काळ लागतो. ही जाण ठेवून केलेली पेरणी त्या वर्षांत झाली. जी निष्ठा त्यांनी खडकीच्या अधिकारी-विद्यार्थ्यांसाठी दाखवली, तीच पुढे वर्गाबाहेरच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आली.

१९७३ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. ४ फेब्रुवारी १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. राष्ट्राचे संरक्षण सीमेवर जितके होते, तितकेच शिकणाऱ्या नागरिकाच्या टेबलावरही होते, असा त्यांच्या आयुष्याचा अर्थ लावता येतो. तुमच्यासमोर उघडी असलेली ही पुस्तिका त्याच अर्थाचा एक लहानसा पुरावा आहे.

स्वाध्याय

१. वैज्ञानिक सल्लागाराच्या कामाचे स्वरूप तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. अणुस्फोटांच्या परिणामांचा अभ्यास खुलेपणाने प्रसिद्ध करणे का महत्त्वाचे होते, ते सांगा.
३. कोठारींचे संरक्षणकार्य आणि शिक्षणकार्य यांत तुम्हाला कोणते साम्य जाणवते? पाठातील घटनांच्या आधारे लिहा.