मशीन बदललं, कोड टिकला

फर्स्ट इयरला 'सी' शिकताना पॉइंटरवर डोकं आपटलं नाही असा विद्यार्थी सापडणं कठीण. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' सीनियरकडून ज्युनिअरकडे जातं, व्हायव्हा होतो, विषय संपतो. ही भाषा ज्या अडचणीतून आली ती मात्र सिलॅबसमध्ये फारशी येत नाही. ती अडचण सोडवणारा माणूस म्हणजे डेनिस रिची.

जन्म ९ सप्टेंबर १९४१, न्यूयॉर्कजवळच्या ब्रॉन्क्सव्हिलमध्ये. वडील ॲलिस्टर हे बेल लॅब्समध्ये संशोधक. डेनिसने हार्वर्डमधून फिजिक्सची पदवी घेतली, पीएचडीचा प्रबंधही लिहिला. फक्त त्याची बाइंड केलेली प्रत लायब्ररीत जमा करायची राहिली आणि डॉक्टरेट कायमची अडकली! (सबमिशनवाल्यांनी यातून प्रेरणा घेऊ नये.) १९६७ मध्ये तोही बेल लॅब्समध्ये दाखल झाला.

१९६९ मध्ये त्याचा सहकारी केन थॉम्प्सन याने पीडीपी-७ या जुन्या मशीनवर युनिक्स लिहायला घेतलं, तेही असेम्ब्लीत. असेम्ब्ली म्हणजे त्या एका मशीनची बोली. मशीन बदललं की सगळं पुन्हा लिहा. झालंही तसंच. नवी पीडीपी-११ आली आणि युनिक्स परत असेम्ब्लीत लिहावं लागलं. तेव्हा बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिम असेम्ब्लीतच असत, कारण मेमरी तुटपुंजी. त्या पीडीपी-११ ला होती अवघी २४ केबी. आज व्हॉट्सॲपवरचा एक फोटोसुद्धा त्यात मावत नाही.

थॉम्प्सनची 'बी' नावाची छोटी भाषा हाताशी होती, पण तिला टाइप हा प्रकारच माहीत नव्हता. पीडीपी-११ बाइट मोजायची, 'बी' अख्खे वर्ड. रिचीने तिच्यात टाइप घातले आणि तिची 'सी' झाली. १९७२ मध्ये थॉम्प्सनने कर्नल सीमध्ये लिहून पाहिलं, जमेना. सोडून दिलं. मग रिचीने भाषेत स्ट्रक्चर आणलं आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी कर्नल सीमध्ये उतरवलं. भाषा आधी पूर्ण करून मग वापरली, असं झालंच नाही. कामात जिथे अडलं तिथे ती वाढत गेली. माझ्या मते सी इतकी आटोपशीर राहिली ती यामुळेच.

या कर्नलमध्ये एका अवघड जागी रिचीने कॉमेंट टाकली होती, की हे वाचणाऱ्याला कळावं अशी अपेक्षा नाही. तिचे आजही टी-शर्ट निघतात. पण पुढची गोष्ट जास्त मजेशीर आहे. स्टीव्ह जॉन्सनसोबत तो युनिक्स इंटरडेटा ८/३२ या वेगळ्याच मशीनवर न्यायला बसला, तेव्हा नेमका तोच तुकडा अडला. तो पीडीपी-११ च्या कंपायलरच्या एका सवयीवर उभा होता. आपल्यालाही तिथे काय चाललंय ते नीट समजलं नव्हतं, हे रिचीने नंतर मोकळेपणाने कबूल केलं. कोड चालतो म्हणजे तो समजलाय असं धरून चालणाऱ्या प्रत्येकाने हा किस्सा वाचावा.

१९५६ च्या एका कायदेशीर तडजोडीमुळे मालक कंपनी एटी अँड टीला सॉफ्टवेअरचा धंदा करता येत नव्हता. म्हणून युनिक्सचा सोर्स कोड परवान्यासह अल्प दरात विद्यापीठांकडे गेला. आजच्या अर्थाने हे ओपन सोर्स नव्हे. पण कोड सीमध्ये असल्याने विद्यार्थी तो वाचू शकत होते, दुरुस्त करू शकत होते. ऑस्ट्रेलियात जॉन लायन्स यांनी त्यावर ओळीनुसार भाष्य लिहिलं, त्याच्या झेरॉक्स कॉप्या जगभर फिरल्या.

सीने प्रोग्रॅमरवर पूर्ण भरवसा टाकला, त्याची किंमतही मोजावी लागली. तिचं 'गेट्स' हे फंक्शन आलेला मजकूर मेमरीत मावतो का हे बघतच नसे. १९८८ मध्ये मॉरिस वर्म इंटरनेटवर पसरला, त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक हीच.

१९८३ मध्ये रिची आणि थॉम्प्सनला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये रिची निवृत्त झाला. १२ ऑक्टोबर २०११ रोजी तो न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत सापडला. एकटाच राहायचा. आठवडाभरापूर्वीच स्टीव्ह जॉब्स गेले होते, त्यामुळे ही बातमी कोपऱ्यातच राहिली. आयफोनचं कर्नल मुख्यतः सीमध्येच लिहिलेलं आहे, हे तेव्हा किती जणांच्या लक्षात आलं असेल?

आता नवा ओपन सोर्स प्रोजेक्ट सुरू करताना सी की रस्ट, हा वाद कॅन्टीनमध्येही रंगतो. मेमरीच्या बऱ्याच चुका रस्टचा कंपायलर आधीच पकडतो, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने रस्टचा विचार जरूर करावा. पण आपण पास आउट झाल्यावर तो कोड कोण वाचणार, त्यांना कुठली भाषा येते, हेही बघावं. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स कर्नलने ६.१ आवृत्तीत रस्टला दार उघडलं. बाकीचं बहुतेक कर्नल अजून सीमध्येच आहे.